चार बटणांचा डबा आणि कापलेली झील

जतहून परत येऊन मला आज आठ दिवस झाले आणि माझा गाणी वाजवायचा डबा अजून माझ्या सदऱ्याच्या खिशातच आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "सुटला का एकदाचा?" असं विचारणाऱ्यांचा वेळ वाचेल. सुटलेला नाही. सुटणारही नाही.

डबा काडेपेटीपेक्षा थोडा लांब, काळा, कडांचा रंग उडालेला. चार बटणं. एक चालू-थांबचं, एक पुढचं, एक मागचं आणि आवाज भरून घ्यायचं एक लाल. बोटभर पडदा आहे, त्यावर गाण्याचं नाव अर्धंच दिसतं. कानात घालायच्या वायरीला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी. पेन्सिल सेलवर चालतो, आणि तो सेल कुठल्याही पानपट्टीवर मिळतो. पलटणीत असताना कॅन्टीनमधून घेतला होता. वरच्या चौकीवर फोन न्यायला बंदी होती. साबांनी हा डबा उलटसुलट करून पाहिला आणि "चलेगा" म्हणाले. तेव्हापासून चालतोय.

माझी मुलगी अश्विनी शिरवळला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. दिवाळीला तिनं मला भारी फोन आणला. "बाबा, यात जगातली सगळी गाणी आहेत," म्हणाली. मला जगातली सगळी गाणी करायची काय? मला माझी दोनशे पुरतात. फोनवर गाणं लावलं की ते संपायच्या आत तो पुढचं सुचवतो, मध्येच कर्ज हवंय का म्हणून कुणी बाई विचारते, मग कुणीतरी फुलांचं चित्र पाठवून सुप्रभात म्हणतं, आणि आपण कुठल्या कडव्यावर होतो तेच विसरतं. डबा मला काही विचारत नाही. गाणं संपलं की गप्प बसतो. आपल्या घरात एवढी शिस्त असलेली ही एकच वस्तू आहे, असं मी एकदा बोलून गेलो, तर सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

संक्रांतीला अश्विनीनं डबा भंगाराच्या पिशवीत टाकला होता. मी तो जुन्या बल्बांखालून काढून घेतला आणि पुसून खिशात ठेवला. यावरून घरात जे झालं ते झालं. पण त्यानंतर महिन्याभरात बिरूचा फोन आला नसता, तर माझं म्हणणं नुसतं म्हाताऱ्याचा हेका म्हणूनच राहिलं असतं.

निघताना

बिरू पलटणीत माझ्या हाताखाली होता, म्हणून अजून मला उस्ताद म्हणतो. गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. घर धनगराचं. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, उसाचं. आमची दोस्ती जमली ती एक गोष्ट कळल्यावर. बिरूचे वडील मल्लाप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ सिद्राम तात्या दरवर्षी मेंढरं घेऊन जतहून चालत आमच्या भागात यायचे, आणि पीक निघाल्यावर त्यांचा कळप आमच्याच रानात बसायचा. मेंढरं मुक्कामाला बसली की रानाला खत मिळतं. माझे वडील त्यांची वाट बघायचे. आम्ही दोघं हजार मैल लांब एका बंकरमध्ये बसून हे एकमेकांना सांगत होतो.

मल्लाप्पा ओवी गायचे. त्यांच्या घराण्याची ओवी पाणवठ्यांची होती. जतपासून आमच्या रानापर्यंत कुठली विहीर लागते, कुठल्या विहिरीचं पाणी कसं, कुठला मालक मनाचा मोठा, हे सगळं क्रमानं. ओवी सुरू करण्याला ते लोक सुंबरान मांडणं म्हणतात. एकदा मांडलं की शेवटपर्यंत न्यायचंच, मध्ये मोडायचं नाही. पुढचा गडी एक ओळ गातो आणि मागचे ठरलेली एक ओळ परत परत म्हणतात. मागच्यांच्या त्या म्हणण्याला झील म्हणतात. मल्लाप्पा पुढं आणि तात्या मागं, असं चाळीस वर्षं चाललं.

मल्लाप्पा वारले त्याला दोन वर्षं होऊन गेली.

"उस्ताद," बिरू फोनवर म्हणाला, "तुमच्या डब्यात आमचा म्हातारा हाय का अजून?"

"आहे की. पंधरा वर्षांपूर्वी सुट्टीत तुझ्याकडं आलो होतो तेव्हा भरलेला."

"मग तुमी या. डबा घिऊन या. जत्रा पाच दिवसांवर आली."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्या गावच्या बिरोबाच्या जत्रेत पहिलं सुंबरान मांडायचा मान मल्लाप्पांच्या घराचा. ते गेले त्या वर्षी घरात दुखवटा होता. गेल्या वर्षी बिरूनं फोनवर भरलेली बापाची ओवी देवळात मोठ्या आवाजात लावली आणि तात्या मागं झील म्हणायला उभे राहिले. निम्म्यात फोन वाजला. कुठल्यातरी कार्डाची चौकशी. सुंबरान मोडलं. तात्या खाली बसले ते बसलेच. आता यंदा तिसरं वर्ष. यंदाही सुंबरान झालं नाही तर मान दुसऱ्या घराला जाणार, असं पुजाऱ्यानं सांगून ठेवलं होतं. आणि तो फोनही आता राहिला नव्हता. टँकरमध्ये पाणी किती उरलंय ते बघायला बिरू वर चढला आणि वाकल्यावर फोन आत पडला.

"तात्यांना ओवी येत नाही? चाळीस वर्षं मागं उभे होते की," मी म्हटलं.

"तेच तर. मागंच हुते."

मी फोन ठेवला, मोटरसायकलीची हवा बघितली आणि सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, आशूला सांगा, ती फोनवरनं पाठवून दील की एका मिनिटात." मी म्हटलं, जो फोनमुळं मोडला तो कारभार फोननं जोडायचा नाही. तिनं चटणी, भाकरी आणि शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून दिल्या.

विटा

रहिमतपूर, पुसेसावळी करत निघालो. पुसेसावळीच्या पुढं चेन तुटली. तुटली ती बरोबर चढावर. गाडी ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली, त्यात दुपार गेली आणि विट्याला पोचायला दिवस मावळला. तिथं सुमनचे मावसभाऊ हणमंत नाना आहेत, त्यांच्याकडं उतरलो.

नाना गलाईवाले. सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान त्यांनी तीस वर्षं दक्षिणेतल्या एका शहरात चालवलं. विट्याकडच्या किती घरांतली माणसं अशी मुलखावर पसरलीत त्याला मोजदाद नाही. आता पोरगा तिकडं असतो आणि नाना इकडं. त्यांनी मला अख्खा मसूर आणि भाकरी वाढली. आमच्या कोरेगावला पाहुण्याला वाघ्या घेवड्याची आमटी करतात. मी आयुष्यभर घेवड्याच्या बाजूनं भांडत आलोय, पण त्या दिवशी गाडी ढकलून आलो होतो, म्हणून मसुराची वाटी तीनदा पुढं केली.

नानांकडं तीन फोन. जेवताना तिन्ही वाजले. माझा डबा बघून ते हसले. "आरं, काय ह्ये! लोकं चंद्रावर चालल्याती आन तू सेल बदलत बसतोस?"

मी नेहमीचं सगळं बोललो. शिस्त, फुलांची चित्रं, कर्जवाली बाई. नाना ऐकून घेत होते. सकाळी निघायच्या वेळी त्यांनी फळीवरून एक मूस काढली. सोनं वितळवायचं ते मातीचं भांडं, आतून काचेसारखं झालेलं, बाहेरून काळंठिक्कर.

"ही दुकानातली माजी शेवटची मूस," ते म्हणाले. "लय येळा मनात आलं, भट्टी चालूच हाय, हिच्यात च्या ठिवावा. कवा ठिवला न्हाई."

"का?"

"मग ती मूस राह्यली नसती. जा तू. डबा संभाळ." आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले, तेवढ्यात त्यांचा कुठलातरी फोन वाजला आणि ते परत फिरले.

चिंचेची विहीर

भिवघाट उतरलं की हवा बदलते. आमच्याकडची ओलसर, उसाच्या फडातली हवा संपते आणि कोरडी, गरम सुरू होते. फाल्गुनातच ऊन चावायला लागलं होतं. एका लिंबाखाली थांबून मी डबा काढला आणि मल्लाप्पांची ओवी लावली. मी त्यांच्या वाटेनं उलटा चाललो होतो. त्यांची वाट जतहून निघते, माझी जतला चालली होती. म्हणून ओवीतलं शेवटचं आधी यायचं. मागच्या बटणानं मी एकेक विहीर मागं जात होतो. अंगठा खिशात ठेवूनही हे करता येतं.

"चिंचेच्या विहिरीला पाणी गोड," असं मल्लाप्पा गातात, आणि ओढा सोडून टेकाच्या उजवीकडं जायला सांगतात. फोनमधला नकाशा मला सरळ डांबरी रस्त्यानं जा म्हणत होता. मी म्हटलं, तू कालचं पोर. आणि टेकाच्या उजवीकडं वळलो.

सांगायला लाज वाटत नाही, मी साफ चुकलो. पायवाट संपली, गाडी वाळूत रुतली आणि मी एका द्राक्षबागेच्या कुंपणापाशी जाऊन थांबलो. पलीकडं बेदाण्याची शेड होती, हिरव्या जाळीच्या कप्प्यांवर द्राक्षं पसरलेली. तिथं काम करणारी एक बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

"कुटं चाललाय आवं? हितनं रस्ता न्हाई."

"चिंचेची विहीर कुठंय?"

तिनं हातातलं फावडं खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुमास्नी?"

मी तारांच्या कुंपणावरून वायरीचं एक टोक तिच्याकडं दिलं, तिनं पदरानं पुसून ते कानाला लावलं आणि मी बटण दाबलं. ती ओळ संपेपर्यंत ती हलली नाही. मग ती मला बागेच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं जमिनीलगत तोडलेल्या चिंचेचा बुंधा होता आणि त्याच्याजवळ सिमेंटची झाकणी. बाजूला निळ्या कागदाचं शेततळं.

"आमच्या सासऱ्याच्या बापाची हीर. झाकून धा वर्सं झाली. आता तिचं नाव कुणी काडत न्हाई." तिनं ओंजळभर बेदाणे माझ्या रुमालात बांधून दिले. "पाणी गोड हुतं, ह्ये खरं हाय बरं का. त्यो कोण गातुया, खोटं न्हाई बोलला."

मग तिनं मला डांबरी रस्ता दाखवला. तो नकाशात होता तोच.

तात्यांचा अंगठा

नागज, मग जत, मग जतच्याही पुढं. वाटेत पाण्याचे टँकर, खांद्यावर घोंगडी टाकलेली माणसं, दुकानांच्या पाट्यांवर मराठीखाली कानडी. बिरूच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

"बर्री, बर्री!" आतून आवाज आला. या, या. सिद्राम तात्या बाजेवर बसले होते. पूर्वीचे धिप्पाड तात्या आता उंचच उंच हाडं झाले होते. डोक्यावरचा पिवळा फेटा तेवढा पूर्वीइतकाच मोठा होता.

"फौजी, आनलास का माज्या भावाला?"

मी डबा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या दोन्ही कानांत वायर घातली. त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं. त्यांचा अंगठा सांगायलाच हवा. साठ वर्षं लोकर कातरून आणि काठी धरून त्याच्यावर भेगाच भेगा, रेषा सगळ्या पुसलेल्या. नव्या फोनचा पडदा त्या अंगठ्याला ओळखत नाही. धान्याच्या दुकानातलं यंत्रही ओळखत नाही, सुनेला दरवेळी सोबत जावं लागतं. माझ्या डब्याचं बटण टक्कन खाली गेलं.

मल्लाप्पा गायला लागले. तात्यांनी डोळे मिटले. पहिली ओळ संपली, तात्यांनी झील म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दुसरी ओळ आली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा पुढची ओळ. चार-पाच वेळा असं झालं. त्यांनी वायर काढली आणि माझ्याकडं बघितलं.

"आन आमी कुटं हाय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

पंधरा वर्षांपूर्वी मी हे भरून घेतलं, तेव्हा डब्यात जागा थोडी उरली होती. माझी गाणी मला पुसायची नव्हती. मल्लाप्पा एक ओळ गायचे आणि मग तात्या आणि बाकीचे तेच ते, तेच ते म्हणत बसायचे. मी हुशारी केली. झील सुरू झाली की थांबचं बटण दाबायचं, मल्लाप्पांनी तोंड उघडलं की परत चालू. तासाभराची ओवी पंचवीस मिनिटांत बसवली. पलटणीत परत गेल्यावर ही अक्कल मी चारचौघांत मिरवलीही होती.

"तात्या, जागा वाचवली मी," मी म्हटलं. याच्याहून वाईट उत्तर देता आलं नसतं.

"झील म्हंजे काय वाटली तुला? नुसतं मागं वरडणं?" ते ओरडले नाहीत, पण बिरू दारातून आत आला. "पुढचा गडी देव न्हाई. त्यो बी इसरतो. त्येला पुढची ओळ आठवोस्तर मागच्यानं ओळ धरून ठिवायची. एकदा म्हनायची, दोनदा म्हनायची, धा येळा म्हनायची. सांगायचं न्हाई. पुढच्याच्या तोंडात ओळ घालायची न्हाई. धरायचं. मल्लाप्पा कितींदा अडकला आसंल, तुला ठावं हाय? कुणालाच ठावं न्हाई. मी धरत हुतो."

डब्याच्या बाजूनं महिनाभर भांडणारा मी, डब्याची वायर गुंडाळत बसलो.

बिरूच्या बायकोनं बाजरीची भाकरी आणि उडदाचं घुटं वाढलं. मी मान खाली घालून जेवलो. ते घुटं आमच्याकडच्यापेक्षा किती चांगलं होतं हे मी तिला सांगायलाही विसरलो, म्हणून इथं लिहितो.

दोन दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनीच डबा मागितला. ते मेंढरांच्या वाड्याजवळ दगडावर बसले. एक ओळ ऐकायची, अंगठ्यानं टक्कन थांबवायची, स्वतः झील म्हणायची, पुन्हा टक्कन चालू. माझ्याच चुकीमुळं ते सोपं जात होतं. मध्ये कुणाचा आवाज नव्हता, प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी होती. थांबवलेला डबा त्यांची झील संपेपर्यंत थांबून राहायचा. पुढचं काय लावू, असं विचारायचा नाही.

बेत असा होता, की देवळात मल्लाप्पांचा आवाज मोठ्या आवाजाच्या पेटीला जोडून लावायचा, बिरूनं ढोल धरायचा आणि तात्यांनी झील. पण त्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तात्या बटण दाबायच्या आधीच ओठ हलवत होते. दुसऱ्या दिवशी ते ओळ आधी म्हणायचे आणि मग डबा चालू करून बरोबर आली का ते तपासायचे.

"चाळीस वर्सं कानात हुतं," ते म्हणाले. "पर पुढं भाऊ चालत हुता. मागच्यानं वाट कशाला बगायची? मी मेंढरं बगत चाललो."

संध्याकाळी पुजारी घरी आले. त्यांनी डबा बघितला आणि नाक मुरडलं. "सिद्राम, पेटीतलं सुंबरान देवाला चालत न्हाई. मागच्या साली बघितलं की काय झालं त्ये."

मी उसळून काही बोलणार होतो. डबा वाजत नाही, डब्याला कुणाचा फोन येत नाही, हे मला सांगायचं होतं. तात्यांनी हातानं मला बसवलं.

"पेटी न्हाई लावत. मी म्हनतो."

"तू पुढं? मग मागं कोण? बिरूच्या हातात तर ढोल."

"ह्यो फौजी."

पुजाऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो तर सातारकडचा. ह्येचा काय संबंध?"

"ह्येच्या रानात आमची मेंढरं बसल्याती," तात्या म्हणाले. "ओवी ह्येच्या रानात जाऊन संपती. आन झील ह्येनंच कापल्या. ज्यानं कापली त्यानं भरायची."

पुजारी मान डोलावून चहा प्यायला बसले. मला कुणी विचारलं नाही. माझा गळा म्हणजे कवायतीच्या आरोळ्यांनी फाटलेला गळा. पण नाही म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं.

देवळात

जत्रेच्या दिवशी दुपारी देवळासमोर माणसांची दाटी. भंडारा उधळून जमीन पिवळी झालेली. ढोल रांगेत ठेवलेले. तात्यांनी फेटा नीट केला, एक हात कानावर ठेवला आणि सुंबरान मांडलं. त्यांचा आवाज मल्लाप्पांसारखा नव्हता, जाड आणि खालचा होता. पण तो थरथरला नाही. मी मागून त्यांची माळरानाची झील उचलली, "माळ लांब, देवा, माळ लांब." पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा थोडे कमी हसले.

विहिरीमागून विहिरी सुटत गेल्या. जतची, मग नागजच्या अलीकडची. मी त्याच वाटेनं आलो होतो, म्हणून प्रत्येक ओळीला ती जागा मला दिसत होती. आणि मग तात्या अडकले.

ओढा सोडला, टेकाच्या उजवीकडं वळले, आणि पुढचं नाव त्यांना आठवेना. मी झील म्हटली. तात्या गप्प. परत म्हटली. बिरूनं ढोल हळू केला. तात्यांच्या मानेची शीर दिसत होती. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पुजारी उठून उभे राहिले.

मला माहीत होतं. चिंचेची विहीर. मी तिच्या झाकणावर उभा राहून आलो होतो, तिच्या काठचे बेदाणे अजून माझ्या रुमालात होते. माझ्या खिशात डबा होता आणि त्यात मल्लाप्पा ती ओळ गायला तयार होते, अंगठ्याखाली. नुसतं कानात कुजबुजलो असतो तरी चाललं असतं. पण सांगायचं नाही, धरायचं. मी झील म्हटली. चौथ्यांदा. पाचव्यांदा माझा आवाज फाटला, तरी म्हटली. सहाव्यांदा मागून कुणीतरी माझ्याबरोबर म्हणायला लागलं. सातव्यांदा सगळी रांग म्हणत होती. माळ लांब, देवा, माळ लांब. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, आणि मी बरंच काही बघितलंय.

आठव्यांदा झील खाली येते न येते तोच तात्यांनी मान वर केली. "चिंचेच्या विहिरीला पाणी गोड!"

बिरूनं ढोलावर अशी थाप मारली की माझ्या छातीत बसली. त्यानंतर तात्या कुठंही थांबले नाहीत. ओवी आमच्या रानात येऊन मेंढरांसकट बसली, सुंबरान पुरं झालं आणि पुजाऱ्यांनी तात्यांच्या कपाळावर भंडारा लावला. मग माझ्याही लावला. मी रडत होतो. भंडारा डोळ्यात गेला असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची तयारी करत होतो. तात्यांनी डबा मागितला, हातात घेऊन बघितला आणि परत दिला.

"भर," ते म्हणाले. "सगळं भर. झील सकट. पुढच्या साली मी आसंन, नसंन."

जागा नव्हती. दोनशे गाणी होती. मी वाड्याच्या दगडावर बसलो आणि गाणी पुसायला लागलो. पडद्यावर नाव अर्धंच दिसतं, त्यामुळं काय पुसतोय ते पुरतं कळतही नव्हतं. चौकीवर बर्फात ऐकलेली पुसली, लग्नाच्या वर्षीची पुसली. एकदोन ठिकाणी अंगठा अडला. मग लाल बटण दाबून डबा दगडावर ठेवला आणि बिरूनं ढोल उचलला. तात्यांनी पुन्हा सगळी ओवी म्हटली, मी पुन्हा मागं उभा राहिलो. वाड्यातली मेंढरं ओरडत होती, तीही आत आली. चिंचेच्या विहिरीपाशी तात्या पुन्हा अडकले. आम्ही झील धरली. डब्याला कुणी हात लावला नाही.

मी घरी आलो तेव्हा अश्विनी सुट्टीला आली होती. तिला मी सोप्यात बसवलं आणि वायरीचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. तिनं फोन उशीखाली ठेवला. तसं करायला मी सांगितलेलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. तिनं पूर्ण तासभर ऐकलं. मागचा फाटका आवाज माझा आहे हे कळल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला, आणि नंतर तो हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, छान आहे हो," ती शेवटी म्हणाली. "फक्त ते मध्ये एका ठिकाणी सहा-सात वेळा तेच तेच आहे ना, ते मी काढून देते. जागा वाचेल. तुमची गाणी परत बसतील."

मी डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि खिशात टाकला.